टिबुकलीसाठी वळवलेला पाट

बोरी अरब गावचा गुलाम नबी म्हणजे इंजिनांचा हकीम. नुसत्या आवाजावरून त्याला बिघाड कळायचा, आणि त्यामुळे आपल्याला सगळंच कळतं असा त्याचा समज झाला होता.

घरात मूल नव्हतं. त्याची बायको जुबैदा अडाण नदीच्या डोहाकडे जायची आणि रेंगाळायची. डोहात टिबुकली या इवल्या पाणपक्ष्याचं घरटं होतं, काठच्या मुरमाड टेकाडात खोकडाचं, म्हणजे छोट्या कोल्ह्याचं, बीळ. खोकडाची पिल्लं बाहेर येऊन एकमेकांचे कान ओढायची, ते पाहताना तिला घरची आठवण राहायची नाही.

१९५९च्या मार्चात नीळकंठ वकिलांनी संत्र्याच्या बागेसाठी डोहावर पाणी उपसायचं इंजिन बसवायचं काम गुलाम नबीलाच दिलं. घरटं आणि बीळ, दोन्ही घरांना धक्का लागणार नाही, असा त्यानं जुबैदाला शब्द दिला.

टिबुकलीचं घरटं म्हणजे पाण्यावर तरंगणारा कुजक्या शेवाळाचा गोळा. ते पाहून त्याचा जीव कळवळला. पाइप त्यानं लांब नेला. मग पाट टेकाडाला लागून काढावा लागला.

"अजी, तिकडं खोकडाचं बीळ हाये," जुबैदा म्हणाली.

"त्याचं घर पक्कं हाये. चार दरवाजे हायेत त्याले. या बिचारीच्या पायाखाली जमीनच नाही."

पाणी सोडण्याआधी पाटातली भोकं चिखल-दगडानं बुजवायची, ही तिकडची रीतच. नाहीतर पाणी बागेपर्यंत पोचत नाही. त्यानं बिळाची खालची तोंडं बुजवली, वरचं मोकळं ठेवलं. एवढं शहाणपण त्याला पुरेसं वाटलं.

तो जेवायला बसला आणि एक बूच सुटलं. पाणी बिळात शिरलं. मादी वरून निसटली. पिल्लांना तो चढ जमला नाही. जुबैदा हातांनी मुरूम उकरत राहिली. हाती आलं ते जिवंत नव्हतं.

आणि टिबुकली? डोह उतरला तसं तिचं घरटंही पाण्याबरोबर अलगद खाली आलं. पाण्याच्या चढउतारासाठीच ते बांधलेलं. जमिनीतल्या घराला ते कुठून जमणार? एवढी साधी गोष्ट इंजिनवाल्याच्या डोक्यात आली नाही.

पुढं त्यानं एकही बीळ बुजवलं नाही. पाणी वाया जातं म्हणून मालक ओरडायचे, तो ऐकून घ्यायचा. जुबैदा डोहाकडे पुन्हा फिरकली नाही. टिबुकलीनं पिल्लं काढली तेव्हा तो हौसेनं म्हणाला, "पाठीवर घेऊन फिरून राह्यली. पाह्यले चाल न."

"तुम्हीच पाहून या," ती म्हणाली आणि भाकर थापत राहिली.