ते विमान मी बांधलं नाही
राजोडीच्या किनाऱ्यावर कुणी होडीला व्हार्निश लावत असलं की मी वाट बदलतो, कारण त्या वासाबरोबर परदेशातली एक पत्र्याची शेड डोळ्यांसमोर उभी राहते. तिथे नोकरीला असलेल्या, राजोडीच्याच माझ्या मित्राने कित्येक वर्षांच्या सुट्ट्या घालवून लाकडाचं आणि कापडाचं, दोन सीटचं विमान बांधलं होतं. तिथल्या कायद्याने परदेशी माणसाच्या नावावर विमान नोंदवता येत नसे. मला तिथलं नागरिकत्व मिळालं होतं, म्हणून मालक म्हणून माझं नाव द्यायचं ठरलं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने पंखावरून हात फिरवत कौतुकाने विचारलं, "बांधलं कुणी?" बांधणारा परदेशी असला तरी चालत होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "मी." मित्र बोटांवरचा गोंद खरवडत राहिला. चाचण्या झाल्यावर वैमानिकाने मागच्या सीटवर कोण येणार असं विचारलं, तेव्हा मित्र मला म्हणाला, "बस की! आपल्याकडं नवी होडी बांधनाराच पैला पान्यात नेतो. तूच बांधलंस ना?" आणि मी खरंच बसलो. वरून पाहिलं तर तो शेड झाडत होता. त्या विमानात तो कधीच बसला नाही. परवा तो वारल्यावर बोळिंजला त्याच्या घरी दिवसकार्याला गेलो, तर त्याची बायको नातवंडांना म्हणाली, "हेच ते, विमान बांधनारे. आजोबा नेहमी सांगायचे ना?" मुलं माझ्या पाया पडली, आणि मी त्यांना पडू दिलं.