गेळफळाचा फेस आणि आंबिवलीचं स्थळ

आंबिवलीला जायचं मामाने ठरवलं. एकोणीसशे पन्नास साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. माझ्यासाठी स्थळ होतं, आणि आधीच्या दोन ठिकाणी मी जेवताना तोंड वाकडं केलं म्हणून बोलणी फिसकटली होती. या खेपेला पानात पडेल ते मुकाट खायचं, एवढीच मामाची अट. आदल्याच दिवशी माझी उजवीकडची दाढ काढली होती. ते मी बोललो नाही.

ठाण्याहून मामाबरोबर सकाळची गाडी धरली. कल्याणला कसाऱ्याकडची गाडी येईपर्यंत फलाटावर एक आण्याचा चहा प्यायलो. तो गरम होता, एवढं म्हणता येईल. शहाड गेलं की पुढचंच आंबिवली. उन्हाळ्यात जाणार असाल तर छत्री न्या, काळू नदीपर्यंत वाटेत सावली नाही.

नदीवर मुलीचे वडीलच भेटले. ते मासे मारायला रानातली गेळफळं ठेचून डोहात टाकत होते. पाण्यावर पांढरा फेस आला होता आणि त्यात मासे पोट वर करून तरंगत होते. आमच्याच जेवणाची तयारी चालली होती.

मी मुंबईत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. रिठ्याचं फेसाळ पाणी रक्तात घातलं की तांबड्या पेशी फुटतात आणि गढूळ रक्त सरबतासारखं आरपार दिसतं, हे दरवर्षी मुलांना दाखवायचो. गेळफळात त्याच जातीचं द्रव्य. माशांच्या कल्ल्यांतून ते थेट रक्तात शिरतं. माणसाच्या पोटातून सहसा शिरत नाही, असं पुस्तकात होतं. दाढ काढलेल्या ओल्या जखमेबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

घरी पानं मांडली आणि मुलगी वाढायला आली. ती मला फार आवडली, म्हणून आणखीच घाबरलो. मासा तोंडात घातला आणि डावीकडूनच चावत राहिलो. मामाने डोळे वटारले. वडिलांनी हळूच मामाला विचारलं, पोऱ्याचे दात किडलेत काय. मग मी फेस, रक्त, दाढ, सगळंच सांगून टाकलं.

वडील म्हणाले, "आन तरी खातस?"

"मुलगी पसंत आहे," मी म्हणालो.

त्यांनी तिला आणखी एक तुकडी वाढायला सांगितली. तिने ती पानात अगदी डावीकडे ठेवली. म्हणजे आतून ऐकत होती.

संध्याकाळी ठाण्याला पोचल्यावर आरशात दाढेची जागा पाहिली. काही झालं नव्हतं. सोमवारी प्रयोगाच्या वेळी मुलांनी नेहमीचा प्रश्न विचारला, हे पोटात गेलं तर? एरवी मी पुस्तकाकडे बोट दाखवायचो.

"काही होत नाही," मी म्हणालो. "फार तर लग्न होतं."