काठवटीपाशी मन्नूबिया

खाल्ती मन्नूबियाचा, म्हणजे आमच्या मन्नूबिया मावशीचा, हात थरथरायला लागला, तेव्हा आमच्या गल्लीने तिच्यावर इतकी माया केली की बिचारीचा जीव गुदमरला. पाव कोणीतरी आणून द्यायचं, हातातली पिशवी कोणीतरी काढून घ्यायचं, ती दारात दिसली की दोघी जणी दोन बाजूंनी तिचे दंड धरायच्या. डॉक्टर म्हणाले कंपवात. आम्ही त्याचा अर्थ लावला, हिला आता काही करू द्यायचं नाही.

खरा घाव बसला तो ऑगस्टमध्ये. आमच्या महदिया गावात वर्षभराचं कुसकुस, म्हणजे रव्याचे बारीक दाणे, एकटी कोणी वळत नाही. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, अशी फेरी असते. ज्या घरी वळण, तिथली बाई सगळ्यांना जेवू घालते आणि काठवटीपाशी मेंढीच्या कातड्यावर मधोमध बसते. फेरी सुरू व्हायची ती खाल्ती मन्नूबियाच्या अंगणातून. तिच्यासारखा एकसारखा दाणा मी दुसऱ्या कोणाच्या हातून उतरलेला पाहिला नाही. पण त्या वर्षी सईदाने, म्हणजे तिच्या नणंदेने, परस्पर ठरवून टाकलं की मन्नूबियाला त्रास द्यायचा नाही. तिच्या वाटणीचं कुसकुस आम्हीच वळलं आणि पोतं तिच्या दारात नेऊन ठेवलं. इतर घरी तिला बोलावलं, पण खुर्चीवर बसवलं. पोतं बघून ती रडली. सईदाला वाटलं, आनंदाने.

सईदा मनाने वाईट नाही. फक्त तिला स्वतःचंच बोलणं ऐकू येतं.

पुढे डॉक्टरांनीच सुचवलं म्हणून खाल्ती युवक केंद्रात जायला लागली. तिथे रीम नावाची मुलगी कंपवाताच्या माणसांना योग शिकवते. सोबत मी जायची. पहिल्याच दिवशी खाल्तीने तिला बजावलं, "हे बघ पोरी, मला श्वास-बिस काही नको. मला जमिनीवर बसायला शिकव, आणि कोणाचा हात न धरता उठायला शिकव."

रीम गोड बोलणारी, पण खोटं बोलणारी नाही. ती म्हणाली, "खाल्ती, हे दुखणं योगाने जात नाही. गोळ्या वेळेवर घ्यायच्याच. अंग आखडतं ते जरा सैल होईल, तोल सावरेल. उठायचं आपण करून बघू."

शेवटी पाठीवर पडून डोळे मिटायचे असतात, त्यावरून मात्र भांडण झालं. याला काय म्हणतात, असं खाल्तीने विचारलं आणि रीमने भाबडेपणाने सांगून टाकलं, प्रेतासारखं पडणं. खाल्ती ताडकन नाही, पण तिच्या मानाने ताडकनच उठून बसली. "तरीच म्हटलं, मयताला निजवतात तसं ही मला किब्ल्याकडे तोंड करून का निजवतेय." मग रीमने सगळ्यांच्या सतरंज्या फिरवल्या, तेव्हा कुठे ती पडली, आणि पाच मिनिटांत घोरायला लागली.

बाकी मेहनत तिने मनापासून केली. भिंतीला टेकून हात उंच न्यायचे, खुर्ची धरून पाय मोठा टाकायचा, हातागुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ फुगवायची. जमिनीवरून कुशीवर, कुशीवरून गुडघ्यांवर, मग एक पाऊल पुढे. घरीही पलंगाच्या कडेला तेच. काही दिवस बरे जायचे. काही दिवस पाय उंबऱ्यापाशी खिळून राहायचा आणि ती त्याला अशा शिव्या घालायची की तशा मरहूम नवऱ्यालासुद्धा कधी घातल्या नव्हत्या. मला ती तेव्हा फार आवडायची.

या वर्षी फेरी सईदाच्या अंगणातून सुरू झाली. खुर्ची तयार होती, वर उशीही होती. खाल्ती तिच्यापुढून गेली, भिंतीला हात लावला, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि काठवटीपाशी बसली. सईदा म्हणाली, "अगं, हात बघ तुझा. दाणे उडतील सगळे."

"मोकळा असला की थरथरतो तो," खाल्ती म्हणाली. "त्याला काम दे."

तिने रव्यावर पाणी शिंपडलं आणि तळवा फिरवायला सुरुवात केली. थरथर विरत गेली. पूर्वीचा वेग नव्हता, पण दाणा तोच होता. आम्ही सगळ्या गप्पा मारत वळत राहिलो.

जेवायची हाक आली आणि घात झाला. बोलण्याच्या नादात गोळीची वेळ टळून गेली होती, अंग लाकूड झालेलं. उठायला गेली ती तशीच खाली बसली. चार जणी धावल्या.

"हात लावू नका," ती म्हणाली. "आज उचललंत, तर जन्मभर उचलाल."

तिने गोळी घेतली आणि बसून राहिली. आम्हीही पुन्हा खाली बसलो. आत रस्सा गार होत होता. सईदाला राहवत नव्हतं, तिने स्वतःचे दोन्ही हात काखेत कोंबून ठेवले. बऱ्याच वेळाने खाल्ती कुशीवर वळली. गुडघ्यांवर आली. पाऊल पुढे घेतलं, ते निसटलं. पुन्हा घेतलं. मग मांडीवर हात रोवून ती उभी राहिली, घामाघूम, हेलकावत, पण आपली आपण. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

 जेवताना सईदाने पाव मोडला, अर्धा खाल्तीपुढे ठेवला आणि विचारलं, "मन्नूबिया, तुझ्याकडे कधी यायचं?"

"गुरुवारी," खाल्ती म्हणाली. "आणि रिकाम्या हातांनी या. जेवायला मी घालणार."