हात डोळ्यावर असताना

सगुणाताईंना मी पहिल्याच प्रॅक्टिकलला वर्गाबाहेर काढलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी एका भल्या माणसावर बरंच तोंडसुख घेणार आहे, तेव्हा मी पहिल्यापासून फार शहाणी होते असा कुणाचा समज व्हायला नको.

मी पेणला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग, तिसऱ्या वर्षाला नेटवर्किंग. माझ्या नाकावर राग असतो आणि तोंडाला कुलूप नसतं, हे विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच ओळखतात. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये वर्ग भरला तेव्हा शेवटच्या बाकावर एक बाई बसलेल्या दिसल्या. एखाद्या मुलीची आई असेल असं वाटून मी म्हटलं, "पालकांनी ऑफिसमध्ये बसावं." त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मी पालक नाय. माझा रोल नंबर एकोणतीस." सगळा वर्ग हसला. मग त्याही हसल्या.

सगुणाताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या. राहायला जोह्याला. आमच्याकडे जोहे म्हटलं की गणपतीच असं समीकरण आहे, घरटी एक शेड. ताईंचे वडील पुंडलिककाका तिथले नावाजलेले आखणीवाले. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. मूर्ती साच्यातून कुणीही काढतो, अंगाचा रंग शिकून येतो, पण आखणी करणारी माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकी. ताई बारावी सायन्स झाल्या त्याच वर्षी काकांचा हात थरथरायला लागला आणि ब्रश ताईंच्या हातात आला. तो पुढे तेरा वर्षं तसाच राहिला. लग्न झालं नाही. का झालं नाही हे मी कधी विचारलं नाही, आणि मी न विचारलेली ही बहुधा एकमेव गोष्ट असेल.

"मग एकदम कॉम्प्युटर कशाला?" हे मात्र विचारलं होतं.

"दरवर्षी नवा नियम निघतो, मॅडम. यंदा या मातीचा चालंल, त्या प्लास्टरचा नाय. शेड चालू राहते का बंद, दिवाळीपर्यंत कळत नाय. मला बारा महिन्यांचं काम पायजे."

तर पहिलं प्रॅक्टिकल. ताई कीबोर्डवर एका बोटाने प्रोग्रॅम लिहीत होत्या. मी मागे उभी राहून विचारलं, "काय करताय?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, उत्तर नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाकीची मुलं माना वळवून बघायला लागली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं. त्यांनी निमूटपणे पिशवी उचलली आणि दारापाशी जाऊन म्हणाल्या, "मॅडम, ओळ पुरी झाली आता. सांगू का?"

मी सांगू दिलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढे कधीतरी डबा खाताना त्यांनी कारण सांगितलं. त्या अकरा वर्षांच्या असताना काकांनी पहिल्यांदा एका लहान मूर्तीचे डोळे काढायला दिले. एक डोळा झाला, दुसरा चालू होता, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईने, काशीबाईंनी, हाक मारली, "सगुणा गो, भात उतरव!" पोरगी म्हणाली, "व्हय!" त्या एका 'व्हय'ने ब्रश हलला. बाप्पाचा एक डोळा पेणकडे, दुसरा अलिबागकडे. काकांनी मारलं नाही की ओरडले नाहीत. त्यांनी ती मूर्ती दुरुस्तही केली नाही, विकलीही नाही, शेडमधल्या फळीवर ठेवून दिली. रोज समोर दिसेल अशी. तेव्हापासून हातात काम असेल तर ताईंच्या तोंडून शब्द निघत नाही. अंगात तेच मुरलेलं. त्यांना वाटलं तरी निघत नाही.

मला हे कळलं आणि मी शिकले. त्यांच्या टेबलापाशी गेले की आधी हातांकडे बघायचं. हात खाली आले की विचारायचं. मग बाई असं उत्तर देत की मला पुस्तक उघडावं लागे. तिसऱ्या वर्षाला नेटवर्किंग आलं आणि त्या खऱ्या खुलल्या. केबलच्या आत आठ रंगीत तारा असतात. त्या ठरलेल्या क्रमाने सरळ ओळीत लावून टोकाला छोटी पारदर्शक क्लिप पक्कडीने दाबून बसवायची असते. पोरांची एकेक तार इकडेतिकडे पळायची. ताईंची पहिलीच केबल चालू झाली. वर मला म्हणाल्या, "मॅडम, याला तुम्ही नारंगी म्हणता व्हय? हा शेंदरी हाय."

त्या हिवाळ्यात कॉलेजात मुलाखती झाल्या, मी शिफारस केली आणि ताईंना नोकरी मिळाली. डोलवीच्या कारखान्यात नेटवर्क सांभाळणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीत, बारा महिन्यांची. अट एकच: जूनच्या निकालात एकही विषय राहिलेला नको. राहिला तर पुन्हा परीक्षा ऑक्टोबरात, आणि कंपनी ऑक्टोबरपर्यंत थांबणार नव्हती.

मार्चमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा लागली. मंगळवारी पहिली बॅच, ताईंची; बुधवारी दुसरी. बाहेरचे परीक्षक म्हणून रोह्याहून गुप्ते सर आले. गुप्ते सर वाईट माणूस नव्हेत. कडक, वक्तशीर, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पिणारे. त्यांची एक पद्धत होती. मूल काम करत असताना मागे उभं राहून तोंडी प्रश्न विचारायचे. "कामात असताना विचारलं की पाठांतर गळून पडतं, खरं काय ते उरतं," असं त्यांचं म्हणणं.

ताईंच्या हातात आठ तारा होत्या. सर मागे येऊन उभे राहिले आणि एकामागून एक पाच प्रश्न विचारले. ताईंच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला पलीकडून दिसली. उत्तर आलं नाही. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले. ताईंनी क्लिप दाबली, केबल तपासली, पक्कड खाली ठेवली आणि वळल्या. सर तोवर तीन टेबलं पुढे पोचले होते. ताईंनी अर्धा हात वर केला. "बसा, झालं तुमचं," सर म्हणाले.

मी आतली परीक्षक. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. आयुष्यात एकदा तोंड बंद ठेवलं, तेही नको तेव्हा.

संध्याकाळी चारला कागद बघितला. पन्नासात सतरा. पास व्हायला वीस लागतात. तोंडीला शून्य. कागद घेऊन मी तशीच सरांसमोर जाऊन उभी राहिले.

"सर, ही माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी आहे."

"जर्नल सुंदर आहे," सर म्हणाले. "पण लिहिलंय कुणी?"

"त्यांनीच! हातात काम असताना त्या बोलत नाहीत, सर. घरची सवय आहे."

"मॅडम, नेटवर्क बंद पडलं की साहेब मागे उभा राहून ओरडत असतो. तिथे मौनव्रत चालत नाही."

म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. नोकरीचं सांगितलं तर सर आणखी ताठरले असते. मी दोन घोट पाणी प्यायले आणि वेगळंच विचारलं, "सर, तुमच्याकडे गणपती येतो ना? आलाच आहात पेणला, तर जोह्याला मूर्ती सांगून ठेवा. मी सोडते स्कूटरवरून."

हे नियमात बसत नाही, मला माहीत आहे. पण केलं.

शेडमध्ये परदेशी जाणाऱ्या मूर्ती मांडून ठेवल्या होत्या, गुरुवारी खोकी निघायची होती. दोन बायका मूर्तींना पॉलिश पेपर घासत होत्या. मधोमध, आमच्याकडे पाठ करून, चौरंगावर एक बाई बसली होती. सर मोकळ्या आवाजात तिलाच म्हणाले, "अहो, यात दोन फुटी शाडूची आहे का?"

घासण्याचा आवाज थांबला. दोन्ही बायकांनी सरांकडे असं पाहिलं की सर गप्पच झाले. कोपऱ्यातून पुंडलिककाका उठून आले आणि ओठांवर बोट ठेवून कुजबुजले, "हात डोळ्यावर हाय."

मग आम्ही उभे राहिलो. सरांनी पाऊल टाकायला उचललेला पाय तसाच हळूच मागे ठेवला. बाईचा ब्रश मूर्तीच्या पापणीवरून सावकाश गेला. मग बुबुळ. मग त्यात पांढरा ठिपका, मोहरीएवढा. समोरची माती आमच्याकडे बघायला लागली. शेजारी बघते तर सरांनीही श्वास धरून ठेवलेला.

बाईंनी ब्रश पाण्याच्या डब्यात ठेवला, हात पुसले आणि वळल्या. सरांना बघून सगुणाताईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी स्वतःला सावरलं.

"शाडूची त्या बाजूला हाय, सर," त्या म्हणाल्या. तिकडे बोट दाखवलं आणि पुढे म्हणाल्या, "आणि तुमचे पाच प्रश्न माझ्याकडे राहिलेत."

सरांनी काही म्हणायच्या आत त्यांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली, विचारले होते त्याच क्रमाने. तारा जोडीजोडीने पिळलेल्या का असतात, तर एकीची गडबड दुसरीत शिरू नये म्हणून. एक केबल शंभर मीटरपर्यंत चालते. हब आलेला निरोप सगळ्यांच्या दारात टाकतो, स्विच ज्याचा त्यालाच देतो. चौथं उत्तरही तसंच नेमकं. आणि दोन मशीन बोलत नसतील तर आधी काय बघायचं? "आधी केबल. लाइट लागलाय का तो. मग पत्ते. लोक आधी पत्ते बघत बसतात, सर." काकांना यातलं अक्षर कळत नव्हतं, पण प्रत्येक उत्तराला ते मान डोलवत होते. माझे डोळे भरून आले, ते मी रंगाच्या वासावर ढकललं.

सरांचं लक्ष फळीकडे गेलं. तिथली ती लहान मूर्ती अजून पेणकडे आणि अलिबागकडे बघत होती.

"ही अशी का ठेवलीय?"

"त्या दिवशी ती बोलली," काका म्हणाले.

परतीला पेण स्टेशनपाशी उतरल्यावर सर म्हणाले, "तुम्ही मला मुद्दाम आणलंत."

"हो."

"तिथली उत्तरं मला धरता येणार नाहीत."

मी भांडायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "उद्याच्या बॅचमध्ये एक मशीन रिकामं आहे. कागद अजून बंद केलेला नाही. तुम्ही आतल्या परीक्षक, मी बाहेरचा, दोघांच्या सहीने बसवता येतं. प्रयोग पहिल्यापासून करायचा. सवलत काही नाही."

बुधवारी ताई बसल्या. सर मागे उभे राहिले. दोनदा त्यांचं तोंड उघडलं आणि दोनदा त्यांनी ते मिटलं. मला त्यांची दया आली, कारण त्या कष्टांची मला कल्पना आहे. तपासणीच्या डबीवर एक ते आठ दिवे क्रमाने लागले. दोन्ही मशीन एकमेकांशी बोलली. ताईंनी पक्कड खाली ठेवली, खुर्ची वळवली आणि हात मांडीवर घेतले. सरांनी पाच प्रश्न विचारले, पाचही नवे. चारांची उत्तरं आली. पाचव्याला ताई म्हणाल्या, "हे मला येत नाय, सर."

पन्नासात अडतीस. सर चहा न घेताच रोह्याच्या गाडीला पळाले.

जुलैपासून ताई डोलवीला जातात. ऑगस्टमध्ये भर दुपारी त्यांच्या साहेबांचा मला फोन आला, भलतेच तापलेले.

"मॅडम, तुमच्या शिफारशीने घेतलेल्या या सगुणाबाई! सकाळपासून इथली लाइन बंद आहे. फोन करतोय, उचलत नाहीत. शेवटी येऊन त्यांच्या मागे उभा राहिलोय. किती वेळ लागणार, तीनदा विचारलं. ढिम्म! ऐकू कमी येतं का त्यांना?"

पूर्वीची मी असते तर त्यांच्याहून वरच्या पट्टीत बोलले असते. मी विचारलं, "साहेब, त्यांच्या हातात काय आहे?"

"हातात? केबल आहे. का?"

"मग जरा थांबा."

"अहो थांबा काय..." साहेब सुरू झाले, आणि त्यांच्या मागून आवाज आला, सावकाश, नेहमीचा.

"झालं, साहेब. लाइन आली. आता विचारा."