डावीकडचं बेअरिंग

माझ्या थोरल्या भावाला लोक 'कानवाले मिस्त्री' म्हणत. गाडी उचलून बघण्याआधी तो ड्रायव्हरशेजारी बसायचा, मालकाला हायवेवर गाडी घ्यायला सांगायचा आणि डोळे मिटायचा. काटा नव्वदवर गेला की सांगायचा, "मागचं उजवं बेअरिंग गेलंय." गॅरेजात चाक उघडलं की तेच निघायचं. स्टिअरिंग इकडेतिकडे वळवून आवाज कुठे वाढतो ते बघणं, चाक जॅकवर चढवून हाताने फिरवणं, ही त्याच्या लेखी शिकाऊंची कामं. माणूस तोऱ्यात असायचा, पण तोरा फुकटचा नव्हता.

गेल्या वर्षी त्याचा डावा कान गेला. हे फक्त वहिनीला आणि मला ठाऊक. गिऱ्हाइकाला कळलं तर कानवाल्याकडे कोण येणार? तेव्हापासून अशा फेरीला तो मलाही मागच्या सीटवर घेऊ लागला. मी हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसायचो.

अशाच एका फेरीला गणिताच्या निवृत्त बाई गाडी चालवत होत्या. नवऱ्याला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा शहरात न्यायचं, सगळा रस्ता हायवेचा, आणि ऐंशीच्या पुढे गाडी घूंऽऽ करायची. मला आवाज स्वच्छ ऐकू आला, पुढून, डाव्या चाकातून. दादाने डोळे उघडले आणि म्हणाला, "पुढचं उजवं."

मी मूग गिळून बसलो. चारचौघांत थोरल्याचा शब्द खाली पाडायचा नाही, हे आमच्या घरचं वळण. खरं सांगायचं तर वळण ही सबब झाली. मला त्याच्या तोंडाची भीती वाटली.

उजवं बदललं. चौथ्या दिवशी बाई परत. "मिस्त्री, आवाज आहे तसाच आहे हो."

"बाई, आवाज गाडीत नाही, तुमच्या डोक्यात आहे. रेडिओ लावत जा."

गॅरेज हसलं. मीही हसलो. ते हसू आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. बाई गाडीत बसून निघून गेल्या.

दोन आठवड्यांनी त्या फडक्यात काहीतरी गुंडाळून आल्या. दादाच्या डाव्या बाजूला उभं राहून, आवाज न चढवता त्यांनी सगळं सांगितलं. भर हायवेवर चाक थरथरायला लागलं. कडेला थांबून दोन तास मदतीची वाट बघितली, नवरा तेवढा वेळ उन्हात गाडीत, त्या दिवसाचं डायलिसिस हुकलं. मदतीला आलेल्या मेकॅनिकने चाक हाताने फिरवलं आणि क्षणात सांगितलं, डावं.

दादा इंजिनात वाकलेला. बाई पुढे सरकल्या, त्यांची सावली पडली तेव्हा त्याने वर पाहिलं आणि हसून विचारलं, "काय बाई, गेला ना आवाज?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या आणि फडक्यातलं डावीकडचं जुनं बेअरिंग माझ्या हातावर ठेवलं.

"यांना ऐकू येत नाही," त्या हळू म्हणाल्या. "तुम्हाला तर येतं ना?"

त्या गेल्यावर मी दादाच्या उजव्या बाजूला गेलो आणि त्याला सगळं सांगितलं, मला तेव्हाच ऐकू आलं होतं तेही. शिव्या खायची तयारी ठेवली होती.

त्याने बेअरिंग बोटांत फिरवलं. आतून ते खरखरत होतं. ते त्याने उजव्या कानाशी नेलं, मग डाव्या, आणि तिथे बराच वेळ धरलं.

"गप्प का बसलास?"

"तुला वाईट वाटलं असतं."

तो पडलेल्या टायरवर बसला. एवढं लाजलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"मी उजवं म्हणालो, तू काही बोलला नाहीस, म्हणून मी पक्कं धरलं," तो म्हणाला. "तुला मागे कशासाठी बसवत होतो रे मी?"