टाकी आत बसली

खाद्यतेलाच्या त्या कारखान्यात पंप चालवणारी ती एकटीच बाई. सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले फिटरसुद्धा. वडील लवकर गेले तेव्हा शिक्षण सोडून ती इथे लागली आणि धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. शाळेशी त्याचं कधी जमलं नाही, पण रंगकामात हात बसला. आवारातली मोठी टाकी रंगवायची निघाली तेव्हा ताईनेच साहेबांकडे शब्द टाकला. “भाऊ म्हणून सांगत नाही साहेब, काम बघा त्याचं.”

टाकी दोन मजली घराएवढी उंच. दिसायला दणकट, पण पत्रा तसा पातळच. छपरावर छत्रीच्या मुठीसारखी वाकलेली एक नळी होती. खालून तेल काढलं की त्या नळीतून हवा आत जायची, तेल भरलं की बाहेर पडायची. टाकी श्वास घ्यायची ती तिथून. रंग आत उडू नये म्हणून धाकट्याने नळीच्या तोंडाला प्लॅस्टिक गुंडाळून वर चिकटपट्टी मारली होती.

रंग झाला. सकाळी टँकर भरायला येऊन उभा राहिला.

“वरचं प्लॅस्टिक काढलंस ना रे?” ताईने विचारलं.

“काढलं गं. किती वेळा विचारशील?”

खरं तर वर चढून स्वतः बघायचं असतं. पण शिडीचा रंग अजून ओला होता, आणि सांगणारा सख्खा भाऊ होता. तिने दोन पंपांपैकी एक चालू केला.

जरा वेळाने पंपाचा सूर बिघडला. नेहमीची घुमघुम जाऊन तो कोरडा खडखडायला लागला. ताई वळते तोच टाकीतून ‘टण्ण’ असा आवाज आला. चकचकीत नव्या रंगाला मधोमध खळगा पडला. तिने धावत जाऊन बटण दाबलं, पण तोवर एक अख्खी बाजू आत दुमडली होती आणि छप्पर कलंडलं होतं. आग नाही, स्फोट नाही. तेल निघत गेलं, त्याच्या जागी हवा मिळाली नाही, आणि बाहेरच्या हवेने चहूबाजूंनी दाबून टाकी चेपली. नळीने ओढून ओढून ज्यूसचं खोकं चेपावं तशी.

“मी वर बघतो!” म्हणत धाकटा शिडीला भिडला. शिडी टाकीपासून सुटून लोंबत होती.

“उतर खाली! मरशील मेल्या!” ताई घसा फाटेस्तोवर ओरडली.

तो छपरापर्यंत जाऊनच खाली आला तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. “नळी मोकळी आहे,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. ताईने त्याला घट्ट धरलं. “टाकी गेली खड्ड्यात, तुला काही झालं असतं म्हणजे?”

चौकशीत साहेबांनी त्याला विचारलं, नळी मोकळी होती तर टाकी बसली कशी? धाकट्याने मान खाली घातली. “ताईने घाईत दोन्ही पंप एकदम लावले होते, एवढी हवा नळीतून कुठली येणार? मी पाहिलं.”

ताई समोरच उभी होती. आपलं बोट खरंच दुसऱ्या बटणावर गेलं की काय, असं क्षणभर तिलाही वाटून गेलं. इतकं सरळ बोलला तो. तिला पंपावरून काढून डबे पुसायला बसवलं.

संध्याकाळी ती आई आणि धाकटा राहायचे त्या घरी गेली. “असं का बोलला गं तो?”

आई भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “प्लॅस्टिक राहिलं होतं त्याच्याकडून. वर गेला तेव्हा काढून शर्टात खुपसलंन्. तुझी नोकरी पक्की आहे. त्याचं नाव आत्ताशी होतंय. घे की सांभाळून.”

आपण जीव तोडून ओरडत होतो, तेव्हा हा वर शर्टात प्लॅस्टिक कोंबत होता.

आतल्या खोलीतून धाकटा बाहेर आला. “ताई, तुला फार तर ओरडतील...”

“साहेबांना जाऊन सांग.”

तो पाठ फिरवून आत गेला. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे फिरकला नाही. मग ताईच गेली. साहेबांनी क्रेनचा पाळणा लावून माणूस वर पाठवला. नळीच्या गळ्याशी रंगाचं साल गोल सोलून निघालं होतं, चिकटपट्टी ओरबाडल्याची खूण. बाकीचं धाकट्याने स्वतःच कबूल केलं. त्याचं काम काढून घेतलं. ताईला पंप परत मिळाला, वर न चढल्याबद्दल बोलणीही मिळाली. तिने ती निमूट ऐकली.

आईने मात्र तिला दारातच अडवलं. “पोटच्या पोराला उघडं पाडलंस.”

“आणि मी कुणाच्या पोटची गं?”

आई दार सोडून आत गेली.

ताई अजून अधूनमधून आईकडे जाते. धाकटा घरात असला तर मागच्या दाराने निघून जातो. आई खुर्ची पुढे सरकवते, “बसा,” म्हणते आणि पाहुण्यांच्या कपात चहा आणून ठेवते.