कंट्रोलरची गुळवेल

काही महत्त्वाचं सांगायचं असलं की आमचे कंट्रोलर आधी उजव्या हाताची मूठ तोंडाशी नेत आणि तिच्यात दोनदा फुंकर मारत. फू, फू. मग बोलत. माइक चालू आहे की नाही ते तपासायची ही सवय. नोकरी संपली, माइक गेला, सवय राहिली. आमटीत मीठ कमी पडलंय हे बायकोला सांगतानासुद्धा आधी फुंकर.

तुम्ही मुरुडच्या एसटी स्टँडवर कधी उतरला असाल, तर तुम्हीही त्यांना ऐकलं असेल. "अलिबागमार्गे पनवेलला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." हुद्दा वाहतूक नियंत्रक, पण गावाने तो कधी पुरा उच्चारला नाही. स्टँडसमोर माझं वह्यापेनांचं दुकान, आणि घरं आमची एकाच आळीत, मध्ये फक्त कुंपण. त्यामुळे तो आवाज मी दिवसा दुकानात आणि संध्याकाळी परसात ऐकत आलो. राजपुरीची एक म्हातारी बाजाराला येई. परतताना ती टोपली घेऊन लांबून धावत येताना दिसली की हे माइकवरून सांगत, "आजी, पळू नका. गाडी थांबलेली हाय." त्या सरकारी मराठीत शेवटी एक घरचं 'हाय' घुसायचं. ड्रायव्हर कपाळावर आठ्या घालायचा, पण गाडी थांबायची.

निवृत्तीनंतरही ते रोज स्टँडवर येऊन बसत. मग टाळेबंदी आली आणि गाड्याच बंद झाल्या. फलाटावर कुत्री झोपू लागली. ज्या माणसाने जन्मभर गावाला कुठली गाडी धरायची ते सांगितलं, त्याला सांगण्यासारखं काही उरलं नाही. अशा माणसाच्या हातात मुलीने नवा मोबाइल दिला होता. म्हणजे कोलीत तयार होतं.

काढ्याची कृती त्यांना मोबाइलवरच आली. ती तुम्हालाही आली असेल. गुळवेल, अडुळसा, तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी. त्या दिवसांत केमिस्टकडे ताकदीच्या गोळ्या मिळेनात, इम्युनिटी हा शब्द शेंबड्या पोरांनाही पाठ झाला, आणि घरोघरी काही ना काही उकळत होतं. कंट्रोलरांच्या परसात जुना कडुनिंब, आणि त्याच्यावर मनगटाएवढी जाड गुळवेल चढलेली. निंबावरची गुळवेल सर्वांत गुणाची, असं आमच्याकडे मानतात. मग काय, आयतंच घबाड.

एका सकाळी आळीत आवाज घुमला. फू, फू. "काढा लागलेला आहे. सर्वांनी आपापली भांडी घेऊन फाटकाशी यावे. अंतर ठेवावे." लोक हसले, पण तांबे घेऊन गेले. हळूहळू हसणं थांबलं आणि रांग लागायला लागली. कोणी कडू म्हणून तोंड वेंगाडलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "झाडपाला हाय. गुण आला तर आला, अपाय तर न्हाय." मलाही रोज एक फुलपात्र यायचं. मी ते अबोलीच्या कुंडीत ओतत असे. अबोली त्या वर्षी बरी फुलली.

जूनमध्ये वादळ आलं. आमच्या वाड्यांतल्या सुपाऱ्या काड्यांसारख्या मोडल्या, माझे पत्रे कुठे गेले ते अजून सापडले नाहीत. त्यांचा निंब मात्र वेलीसकट उभा. झालं. आता त्या वेलीबद्दल शंका काढणं म्हणजे देवाबद्दल शंका काढणं. आळीतल्या बायका तिच्या बुंध्याला हळदकुंकू वाहून जायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण हे सगळं ते आळीसाठी करत होते, असं समजू नका. ते करत होते वहिनींसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. वहिनींचा भाऊ त्या साथीत सुरुवातीलाच तापला, त्याला गाडीत घालून पनवेलला हॉस्पिटलात नेलं, आणि पुढे फक्त फोन आला. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्यात वहिनींना साखर. साखरवाल्यांना हा रोग सोडत नाही, असं मोबाइल रोज सांगायचा. हिला त्या गाडीत बसू द्यायचं नाही, एवढं एकच त्या माणसाने मनाशी धरलं होतं. आळीला काढा एक वेळ, वहिनींना दोन वेळ, आणि तोही आटवून घट्ट केलेला. त्या शेवटचा घोट घेईपर्यंत हे समोर उभे.

एकदा कपडे वाळत घालताना वहिनी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा ना यांना. मासा खाल्ला तरी कडूच लागतो मला आता."

मी सांगितलं. कंट्रोलर शांतपणे म्हणाले, "शेट, जीभ कडू झाली तर होऊ दे. माणूस ऱ्हायला पायजे."

 त्या वाक्यात प्रेम होतं हो. नुसतं प्रेम होतं. म्हणूनच ते ऐकून घ्यावं लागलं.

आळीत दोघातिघांना ताप येऊन गेला, यांच्या घरात साथ शिरली नाही. गाड्या सुरू झाल्या, लोक सैल पडले, रांग संपली. वहिनींचा काढा मात्र चालू. संक्रांतीला त्या तिळगूळ घेऊन आमच्याकडे आल्या तेव्हा माझ्या बायकोने त्यांना उजेडात उभं केलं आणि डोळे बघितले. पिवळे होते. हळदीसारखे.

आता कावीळ झाली की आमच्या भागातला माणूस डॉक्टरकडे जात नाही. काविळीला आमच्याकडे गावातलं औषध असतं. डोंगराकडच्या कुठल्याशा गावात एक घर असतं, तिथे पहाटे अनशापोटी जायचं, पाल्याचा रस घ्यायचा, तेल-मीठ सोडायचं. शिकलेलेही जातात. कंट्रोलर वहिनींना तिकडे घेऊन गेले, एकदा नाही, वारंवार. आणि घरी काढाही चालूच, कारण कावीळ कडूनेच उतरते. मी डॉक्टरचं नाव काढलं की ते म्हणायचे, "दवाखान्यात न्हेलेली मानसं बघितली आपण."  त्यांच्या मेव्हण्याचं उदाहरण माझ्या सगळ्या शहाणपणाला पुरून उरत होतं.

वहिनींचं पोट फुगलं, त्या बोलता बोलता झोपायला लागल्या, तेव्हा माझी बायकोच त्यांच्या घरात शिरली आणि म्हणाली, "आता विचारायचं नाही. उचला." गाडी मी बोलावली. अलिबागच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमच्या मुलीच्या वयाच्या. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "कुठली औषधं चालू होती?"

कंट्रोलरांनी खुर्चीत ताठ बसून सगळं सांगितलं. वेळापत्रक सांगावं तसं. सकाळचं, संध्याकाळचं, कोणता पाला, किती आटवायचं. शेवटी अभिमानाने म्हणाले, "एक दिस खाडा न्हाय केला, बाई."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवले. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "खाडा झाला असता तर बरं झालं असतं, काका." रागावल्या असत्या तर परवडलं असतं. असं लिव्हर त्या वर्षात त्यांनी आधीही पाहिलं होतं, असं त्या म्हणाल्या. गुळवेल सगळ्यांना बाधते असं नाही, पण ज्याला बाधते त्याला अशी बाधते. आणि वेळ निघून गेली होती.

वहिनी तिथेच, अलिबागच्या हॉस्पिटलात गेल्या. तोंड बघायला मिळालं, एवढंच.

दिवसकार्य झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी आळीत पुन्हा आवाज आला. फू, फू. मी बाहेर आलो. कंट्रोलर आळीच्या मधोमध उभे होते, दाढी वाढलेली, मूठ तोंडाशी. "काढा रद्द करण्यात आलेला आहे. कोणीही घेऊ नये. माझी मंडळी त्याच्यानं गेली हाय. कोणीही घेऊ नये." दोनदा सांगितलं. गाडी रद्द झाल्याची घोषणा ते नेहमी दोनदा करत.

दारं उघडली आणि मिटली. लोक म्हणाले, बायको गेली म्हणून डोकं फिरलंय. कोणी म्हणालं, आम्हीही प्यायलो की, आम्हाला कुठे काय झालं? त्यांच्या तोंडावर एकाने सुनावलं, "तुमचं प्रमान चुकलं असंल." त्या माणसाशी मी अजूनही बोलत नाही. आणि मग साथ दुसऱ्यांदा आली, पहिलीपेक्षा वाईट, आणि तेच लोक तांबे घेऊन पुन्हा फाटकाशी उभे राहिले. हा माणूस काढा पाजत होता तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. तोच माणूस प्यायचं थांबवा म्हणाला, तेव्हा एकानेही ऐकलं नाही. गावाची अक्कल मी त्या उन्हाळ्यात मोजली आणि पुन्हा मोजायच्या भानगडीत पडलो नाही.

शेवटी कंट्रोलरांनी कोयता घेतला आणि वेल कमरेच्या उंचीवर तोडली, बुंधा खणून काढला. आळी संतापली. एवढी गुणाची वेल, असं म्हणत बायकांनी बोटं मोडली. पण गुळवेलीला लोक अमृतवेल म्हणतात ते उगाच नाही. वर निंबात राहिलेली वेल सुकली नाही. काही दिवसांनी तुटल्या टोकातून सुतळीसारखी बारीक मुळं फुटली आणि मातीच्या दिशेने सरळ खाली यायला लागली. ते माझ्या आधी त्यांना दिसलं.

"शेट," ते कुंपणाशी येऊन म्हणाले, "हिला मारायला काय करावं लागतं?"

वर चढून उपटायचं त्यांचं वय नव्हतं, आणि त्या वेलीला हात लावायला आळीत गडी मिळेना. ते रोज परसात जाऊन ती मुळं तोडत. पुढे मुलगी आली आणि त्यांना डोंबिवलीला घेऊन गेली. जाताना घराची चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तेवढी मुळं बघा." काही दिवस मी तोडली. एका पावसात अंथरूण धरलं, उठून बघतो तर मुळं मातीत शिरून जाड झाली होती.

परवा आळीत मासे विकायला येणारी कोळीण त्यांच्या परसात शिरलेली दिसली. नातू तापाने फणफणलेला, ती वेलीचे तुकडे कापून टोपलीत टाकत होती. मी तिला वहिनींचं सगळं पुन्हा सांगितलं. नातवाला डॉक्टरकडे ने म्हटलं. तिने हातातला विळा थांबवून ऐकलं.

"व्हय, बिचारी," ती म्हणाली, आणि आणखी दोन तुकडे कापले. "पन भाऊ, झाडपाला हाय. गुन आला तर आला, अपाय तर न्हाय."

संध्याकाळी डोंबिवलीहून फोन आला. ते अधूनमधून करतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"वेल हाय का गेली?"

"गेली," मी म्हटलं. "मुळापासून गेली."

 पलीकडून फोनमध्ये दोनदा फुंकर ऐकू आली. फू, फू. मी वाट बघत राहिलो. पण त्यांनी पुढे काहीच सांगितलं नाही, आणि फोन ठेवला.